छोट्या आकाराची बाहेर केलेली तैलचित्रे: अभ्यास की पूर्ण चित्र?

तिरपे_ऊन

नमस्कार मंडळी,

नोकरी आणि घर यांतून जो वेळ उरतो, त्यात मी बाहेर उभा राहून तैलरंगात छोटी चित्रे करतो. आकार बहुतेकदा 15 × 20 सेंटिमीटर, क्वचित त्याहून किंचित मोठा. हार्डबोर्डाचे तुकडे प्रायमर लावून तयार ठेवलेले असतात, त्यांतला एक उचलायचा आणि निघायचे. चित्रासाठी मुद्दाम लांब जाणे जमत नाही, त्यामुळे विषयही रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचेच असतात: एखाद्या इमारतीची मागची बाजू, गच्चीवरची पाण्याची टाकी, दोरीवर वाळणारे कपडे, पोपडे सुटलेली भिंत. दीड-दोन तासांत चित्र एकतर उभे राहते किंवा बिघडते, आणि घरी आणल्यावर त्याला पुन्हा ब्रश लावणे मी जवळजवळ सोडून दिले आहे.

ही चित्रे पाहून चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले परिचित एकच विचारतात: ‘‘यावरून मोठे चित्र कधी करणार?’’ ही कच्ची टिपणे आहेत आणि खरे चित्र अजून व्हायचे आहे, असे त्या विचारण्यात गृहीत धरलेले असते. मला तसे वाटत नाही. भिंतीवरची सकाळची सावली निळसर का दिसते आणि त्याच सावलीच्या खालच्या भागात जमिनीवरून उसळलेल्या उन्हाचा पिवळट उजेड कसा मिसळतो, हे एवढ्याशा जागेत नीट उतरले असेल, तर त्यात आणखी काय व्हायचे राहिले, हे मला सांगता येत नाही. पण आकार लहान असल्यामुळे अनेक अडचणी आपोआप टळतात, हा उलट बाजूचा मुद्दाही मला खोडून काढता येत नाही. तेव्हा अशा चित्रांकडे आपण कसे पाहता, हे जाणून घ्यायचे आहे.

दुसरी शंका निव्वळ व्यवहाराची आहे. जागेवर अगदी बरोबर वाटलेले चित्र घरात भिंतीला लावले की काळवंडलेले दिसते. रंग तेच, बोर्ड तोच. मग हा डोळ्यांचा दोष समजायचा की मांडणीचा?

जुनी_चौकट

आपण मांडलेला पहिला प्रश्न जुना आहे, आणि माझ्या मते तो चित्राचा कमी व प्रदर्शनाच्या दालनाचा अधिक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले निसर्गचित्रकार इटलीत जाऊन उघड्यावर तैलरंगात कागदावर छोटे अभ्यास करत असत. मात्र लोकांसमोर मांडायचे चित्र स्टुडिओत, मोठ्या कॅनव्हासवर, पौराणिक किंवा ऐतिहासिक प्रसंग घालून सिद्ध व्हायचे. पिएर-आंरी द व्हॅलांसिएन या फ्रेंच चित्रकाराने 1800 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, जागेवरचा अभ्यास फार तर दोन तासांत आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा अर्ध्या तासात आटोपावा, असे सांगितले. कारण त्यानंतर उजेड बदललेला असतो आणि आपण एकाच चित्रात दोन वेळा मिसळू लागतो. आपली दीड-दोन तासांची बैठक या हिशेबात चपखल बसते. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, आणि त्याला तोंड देण्याचा आकार लहान ठेवण्याइतका सरळ उपाय दुसरा नाही.

नळीतल्या रंगांमुळे चित्रकार घराबाहेर पडले, असे सर्रास सांगितले जाते, त्यात अर्धेच तथ्य आहे. दाबून रंग काढता येईल अशा कथलाच्या नळीचे पेटंट जॉन रँड याने 1841 मध्ये घेतले, आणि त्यामुळे काम निश्चितच सोपे झाले. पण व्हॅलांसिएन आणि त्याचे समकालीन त्याआधीच डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधलेला रंग घेऊन बाहेर बसत होते. अर्थात हे थोडे विषयांतर झाले.

आपल्या विषयांशी सर्वांत जवळचे उदाहरण टॉमस जोन्स या वेल्श चित्रकाराचे आहे. 1782 च्या सुमारास नेपल्समध्ये असताना त्याने समोरच्या घराची भिंत रंगवली. चित्राचा आकार साधारण 11 × 16 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बोर्डापेक्षाही लहान. त्यात कोणताही प्रसंग नाही, माणूस नाही, दूरवरचे दृश्य नाही. एक बाल्कनी आहे, तिच्यावर वाळत घातलेले कपडे आहेत, पाणी ओघळून पडलेले डाग आहेत, आणि आकाशाची निळी पट्टी अगदी थोडी आहे. जोन्स हयात असताना ही चित्रे कोणाच्या गणतीतही नव्हती. त्याची ओळख मोठ्या, रीतसर निसर्गचित्रांवर होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती कुटुंबाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती, आणि आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत लोक त्याच्या या भिंतीसमोर थांबतात. त्या भिंतीचे ‘मोठे चित्र’ करायचे म्हटले असते तर त्यात काय घालावे लागले असते, याचा विचार आपण करून पाहावा. मला तरी वाटते, काहीतरी उगाचच घालावे लागले असते.

मध्यम_राखाडी

चित्र घरात काळे का दिसते, याचे उत्तर बहुतेक वेळा बोर्डावर पडणाऱ्या उन्हात असते. बोर्ड थेट उन्हात असेल तर त्यावरचा प्रत्येक रंग उजळून निघतो. डोळ्याला तो फार भडक वाटतो आणि आपण नकळत सगळे टोन, म्हणजे रंगांची उजळ-गडद पातळी, एक-दोन पायऱ्या खाली उतरवतो. मग तोच बोर्ड घरातल्या मंद उजेडात आला की उतरवलेले टोन जसे आहेत तसे दिसतात. उलट, आपण आणि बोर्ड दोघेही दाट सावलीत असून समोरचा देखावा लखलखीत असेल, तर चित्र गरजेपेक्षा फिके उतरते. म्हणून बोर्ड आणि पॅलेट दोन्ही एकाच उजेडात, शक्यतो सावलीत असावेत. उभे राहण्याची दिशा थोडी बदलली तरी बोर्डाची रंगवायची बाजू सावलीत येते. छत्री लावायची असेल तर पांढरी, राखाडी किंवा काळी लावावी, कारण रंगीत छत्रीतून गाळून आलेला उजेड सगळ्या मिश्रणाचा तोल बिघडवतो. पॅलेट पांढरीशुभ्र न ठेवता मध्यम राखाडी ठेवली तर टोनचा अंदाज फार सुधारतो, कारण पांढऱ्यावर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो.

दुसरे कारण प्रायमरमध्ये असू शकते. हार्डबोर्ड किंवा एमडीएफवर प्रायमरचे थर कमी पडले असतील किंवा प्रायमर फार शोषक असेल, तर रंगातले तेल खाली ओढले जाते आणि विशेषतः गडद भाग कोरडे, निस्तेज, राखेसारखे होतात. आपले चित्र आणल्या दिवशी बरे आणि आठवड्याने काळवंडलेले दिसत असेल, तर शंका इथे घ्यावी. वाळलेल्या निस्तेज भागावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन जास्तीचे तेल लगेच पुसून काढले की मूळ खोली परत येते. पुढच्या बोर्डांना प्रायमरचा आणखी एक थर देऊन पाहा.

वाळण्याबद्दलही लिहितो, कारण छोट्या चित्रांच्या बाबतीत घाई फार होते. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. अंबर या मातकट तपकिरी रंगात मॅंगनीज असल्यामुळे तो भराभर वाळतो, काजळीचा किंवा हाडाचा काळा रेंगाळतो. एका बैठकीच्या पातळ चित्रावरही व्हार्निश सहा महिने तरी लावू नये. आणि तेल-रंग पुसलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात कोंबू नयेत: घट्ट होताना तेलातून उष्णता निघते, ती कोंडली तर चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. घरातल्याच एका कोपऱ्यात काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

रुंद_ब्रश

वरच्या प्रतिसादांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी ‘मोठे कधी करणार’ हा प्रश्न इतका सहज निकालात काढू नये असे मला वाटते. तो प्रश्न विचारणाऱ्यांना छोटे चित्र अपुरे वाटत असेल तर ते चुकतात. पण छोट्या चित्राची सवय झालेल्या माणसाला तो एक आवश्यक चिमटा आहे.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश निसर्गचित्रकाराचे उदाहरण घ्या. 1821-22 मध्ये त्याने हॅम्पस्टेडला ढगांचे छोटे तैलअभ्यास केले आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. त्याच काळात तो सुमारे सहा फूट रुंदीचे कॅनव्हासही रंगवत होता. गवताच्या गाड्याचे 1821 मधले त्याचे प्रसिद्ध चित्र करण्याआधी त्याने त्याच आकाराचा एक पूर्ण तैलस्केच स्टुडिओत केला होता. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मला यातून दिसते ते असे की, जागेवरचा ताजेपणा चौकोन आखून मोठा करता येत नाही, हे त्याला पक्के माहीत होते. मोठ्या आकारात तो नव्याने मिळवावा लागतो, आणि त्यासाठी त्याने वेगळे कष्ट उपसले. कॅनडाच्या टॉम थॉमसनने अल्गोंक्विनच्या अरण्यात साधारण 21 × 27 सेंटिमीटरच्या फळ्यांवर चित्रे केली आणि हिवाळ्यात त्यांतल्या काही निवडक फळ्यांवरून मोठे कॅनव्हास केले. त्याच्या फळ्या आज पूर्ण चित्रे म्हणूनच पाहिल्या जातात, कॅनव्हासही पाहिले जातात, आणि एकामुळे दुसरे रद्द होत नाही.

छोट्या बोर्डावर सेंटिमीटरभर रुंदीचा एक फटकारा म्हणजे आख्खे झाड होते. त्यात मजा आहे, पण त्या झाडाची कडा आकाशात कुठे विरते आणि कुठे ठसठशीत उभी राहते, हे ठरवण्याचे काम तो फटकारा आपल्या वतीने करून टाकतो. मोठ्या आकारात ते प्रत्येक ठिकाणी आपल्यालाच ठरवावे लागते. आपण ज्या टळणाऱ्या अडचणींचा उल्लेख केला आहे, त्या याच असाव्यात. म्हणून माझी सूचना अशी, की याच विषयांपैकी एखादा, समजा ती पोपडे सुटलेली भिंत, छोट्या चित्रावरून न करता पुन्हा त्याच जागी उभे राहून दुप्पट-तिप्पट आकारात, ठरावीक वेळी रोज थोडा थोडा रंगवावा. एका बैठकीतच संपले पाहिजे, हा दंडक अलीकडे फार पूज्य मानला जातो. तो सोयीचा आहे, पवित्र नव्हे.

रोजच्या विषयांबद्दल एक सावधगिरीची सूचना. रोजचे विषय फार लवकर गोड होतात. कपबशी, खिडकीतली कुंडी, झोपलेले मांजर ही चित्रे पाहणाऱ्याला आवडतात, आवडली की आणखी केली जातात, आणि काही दिवसांनी चित्रकार आसपासचे पाहण्याऐवजी आसपासचे आवडण्याजोगे तेवढेच पाहू लागतो. पाण्याची टाकी आणि इमारतीची मागची बाजू कोणाला फारशी आवडणार नाही, हे आपल्या पथ्यावर पडणारे आहे.

तिरपे_ऊन

सर्वांचे मनापासून आभार. बोर्ड उन्हात असतो हे खरे आहे. सावली शोधताना मी स्वतःची सोय पाहत होतो, बोर्डाची नाही. भिंतीचा विषय मोठ्या आकारात, ठरल्या वेळी, थोडा थोडा करण्याची सूचना पटली. फक्त एक गोष्ट मांडावीशी वाटते. छोट्या आकाराने मला ज्या अडचणींतून सोडवले, त्यात चांगल्या विषयाची वाट पाहण्याची अडचणही होती. मोठा कॅनव्हास काढला की तो सार्थकी लागेल असे दृश्य शोधावे लागते, निदान मला तरी लागायचे. छोट्या बोर्डाचा मान राखायचा नसतो, त्यामुळे दुकानाबाहेर रचून ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांसाठीही तो सहज खर्ची घालता येतो. त्या खोक्यांच्या सावलीच्या बाजूला किती प्रकारचे तपकिरी रंग असतात, हे रोज तिथून जात असूनही, चित्र करेपर्यंत मला माहीत नव्हते.

या सवयीमुळे साठा मात्र फार होतो. कोणती चित्रे ठेवावीत आणि कोणती खरवडून टाकावीत, याविषयी कोणी काही पद्धत पाळत असल्यास सांगावे.

मध्यम_राखाडी

खरवडायचे असेल तर त्याच संध्याकाळी, रंग ओला असताना पॅलेट नाइफने खरवडावे आणि बोर्ड चिंधीने पुसून घ्यावा. उरणारा राखाडी-तपकिरी डाग पुढच्या चित्राला उत्तम पार्श्वभूमी देतो, कारण कोऱ्या पांढऱ्यापेक्षा त्यावर टोन ठरवणे सोपे जाते. मात्र त्या दिवशी ‘हे नक्कीच वाईट आहे’ अशी खात्री असेल तरच हात घालावा. थोडाही संशय असेल तर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांनी पाहावे, कारण जागेवर जे साधायचे होते त्याची आठवण तोवर पुसट होते आणि बोर्डावर प्रत्यक्ष जे आहे तेवढेच दिसते. वाळलेल्या चित्राचे उंचवटे घासून त्यावर नवे चित्र करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. जुन्या फटकाऱ्यांचे वळ वर उमटत राहतात, आणि हार्डबोर्डाचा तुकडा काही तेवढा मोलाचा नसतो.

जुनी_चौकट

ओल्या रंगात चिकटलेली धूळ किंवा चिलट काढण्याचाही आटापिटा करू नये. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने 1870 मध्ये फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर केलेल्या एका छोट्या चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले आहेत, आणि ते चित्र तिथेच, किनाऱ्यावर झाले याचा पुरावा म्हणून आता ते जपले जातात.

निवडीसाठी मी कॉन्स्टेबलची रीत पाळतो. प्रत्येक बोर्डाच्या मागे तारीख, सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ, उजेडाची दिशा आणि हवा कशी होती ते लिहितो. वर्षाअखेरीला एकाच जागेची चित्रे शेजारी मांडली की दोन चित्रांतला फरक ऋतूचा आहे की आपल्या आळसाचा, ते मागच्या नोंदीवरून लगेच कळते, आणि आळसाची चित्रे आपोआप बाजूला पडतात. नोंद पेन्सिलीने करावी. मार्करची शाई कच्च्या बोर्डात पसरते आणि काही वर्षांनी वाचता येत नाही.