अनुभव धागा: खोली केवढी, बेड केवढा?

धागाकर्ती, पाथर्डी फाटा
मंडळी, दसऱ्याला नव्या फ्लॅटचा ताबा मिळतोय. टू बीएचके, मोठी बेडरूम कागदावर दहा बाय अकरा. नवऱ्याला साडेसहा बाय सहाचा किंग हवाय. मला पाच फुटी क्वीन पुरे वाटतो. सासूबाईंचं म्हणणं, घरात सागवानी पलंग असताना नवीन हवाच कशाला! दुकानात सगळेच बेड बेताचे दिसतात, तिथे चारी बाजूंनी मोकळी जागा असते ना. म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या खोलीचं माप, बेडचं माप आणि पुढे काय झालं, ते लिहा. नुसतं "मोठाच घ्या" नको, तेवढं ऐकून झालंय.

इंदिरानगरकर
आमची खोली तुमच्याएवढीच, म्हणून आकड्यांतच सांगतो. दहा बाय अकरा म्हणजे 120 बाय 132 इंच. किंगची गादी 78 बाय 72, पण बेड गादीएवढा नसतो. कडेच्या पट्ट्या आणि हेडबोर्ड धरून तो 84 बाय 76 पर्यंत जातो. दहा फुटी भिंतीला डोकं केलं तर उरले 44, म्हणजे दोन्हीकडे 22-22 इंच. पायाशी उरले 48, त्यातले 24 कपाटाने खाल्ले. राहिलेल्या दोन फुटांत कपाटाचं दार उघडायचं आणि आपण उभंही राहायचं. दार दीड फुटी पल्ल्याचं असेल तर जेमतेम जमतं, पण उघडताना बाजूला सरकावं लागतं. क्वीन घेतला तर दोन्हीकडे 28 इंच मिळतात. सहा इंचांचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण चादर खोचायला वाकलं की कळतो.

आणखी एक. माहितीपत्रकातलं माप पुष्कळदा गिलाव्याच्या आधीचं असतं. गिलावा आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) धरून दीड-दोन इंच जातात, कोपऱ्यात कॉलम पुढे आलेला असेल तर ते वेगळंच. ताबा मिळाला की टेप घेऊन जा आणि जमिनीलगत मोजा.

आम्ही क्वीन घेतला. भांडण मिटलं असं नाही, पण कपाट उघडतं.

सातपूरचा मिस्त्री
गिऱ्हाईक येतं आणि "सहा बाय सहा करा" म्हणतं. मी विचारतो, गादी कुठली? गादी अजून घ्यायचीये म्हणतात. आधी गादी ठरवा दादा, मग बेड. तयार गाद्या लांबीला 72, 75 आणि 78 इंच अशा येतात. रुंदीला सिंगल 36, डबल 48, क्वीन 60, किंग 72. बेड 75 चा झाला आणि गादी 78 ची आली तर तीन इंच बाहेर. उलट झालं तर फटीत मोबाईल, रिमोट, चष्मा, सगळं जमा. आतलं माप गादीपेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवायचं, म्हणजे चादर खोचायला बोटं जातात.

दुसरं, प्लायचं शीट आठ बाय चार फुटांचं. चार फुटी बेडचा तळ एका शीटमध्ये अखंड निघतो. पाच आणि सहा फुटीला जोड येतोच. जोडाखाली मधोमध आधार घेतलाय का, ते वाकून बघा. तयार बेडमध्ये हीच जागा कच्ची सापडते. वर उत्तम सनमाईका आणि खाली पट्टी लटकलेली, असे बेड दुरुस्तीला आमच्याकडेच येतात.

कॅनडा कॉर्नरचे आजोबा
आम्हा दोघांना मिळून वयाची दीडशे वर्षं झाली, तेव्हा वेगळा विचार सांगतो. आम्ही 78 बाय 36 चे दोन सिंगल करून घेतले आणि शेजारी लावले. जोडले की बरोब्बर किंग. मधली फट दिसू नये म्हणून वरून एकच मोठी चादर. हिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पलंग वेगळे केले, तिच्या दोन्ही अंगांना जागा झाली, आणि वॉकर सरळ आत आला. सहा फुटी अखंड बेड असता तर काय हलवणार होतो?

उंचीकडे कुणी बघत नाही. गादीसकट अठरा ते वीस इंच आम्हाला सोयीची पडते. हल्ली दहा इंची गाद्या आल्यात, त्या जुन्या पलंगावर टाकल्या की चढायला पाट लागेल. दुकानात बेडवर बसून पाहा. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

सिडकोची लेक
तुम्ही दहा बाय अकराला लहान म्हणताय! मी सिडकोत वाढले. आत्ता ज्या खोलीत झोपते ती आठ बाय दहा, आणि त्यातच शिलाई मशीन. इथे मोठा बेड घातला तर दार अर्धंच उघडतं. आम्ही भिंतीला लावून चार फुटी दिवाण केला, खाली चाकांवर सरकणारा दुसरा. रात्री ओढायचा, सकाळी आत. मात्र तो पूर्ण बाहेर यायला समोर तेवढीच जागा हवी, नाहीतर मशीन आधी उचला, मग झोपा. खणवाल्या बेडचंही तेच. खण दोन फुटी असेल तर पुढे दोन फूट मोकळे हवेतच, आणि खण ओढणारा माणूस कुठे बसणार, त्याचाही हिशोब धरा.

भिंतीला चिकटवणार असाल तर पावसाळ्यात हात लावून बघा. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. आता चार बोटं अंतर ठेवतो.

रात्रपाळी, अंबड
आमचे हे एमआयडीसीत, पाळ्या आठवड्याला बदलतात. ते सकाळी येऊन झोपतात, मी तेव्हा उठलेली असते. बेड भिंतीला लावला होता तेव्हा आतल्या बाजूला झोपणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावरून उतरावं लागायचं. आता पाच फुटीच आहे, पण दोन्ही बाजू मोकळ्या. दोघांची झोपायची-उठायची वेळ वेगळी असेल तर रुंद बेडपेक्षा दोन वाटा महत्त्वाच्या, हे माझं ठाम मत. आणि लहान मूल मध्ये झोपत असेल तर हे मत गुंडाळून ठेवा आणि सरळ सहा फुटी घ्या.

जुनं नाशिक
माप खोलीचं घेताय, जिन्याचं कोण घेणार? आमचा वाडा तिवंध्याजवळ. जिना लाकडी, अरुंद, मध्ये वळण. दुकानदाराने "माणसं चढवतील" म्हणून सांगितलं. माणसं आली, हेडबोर्ड वळणावर उभा, आडवा, तिरका करून पाहिला आणि चहा पिऊन परत गेली. शेवटी गल्लीतल्या पोरांनी दोर लावून गॅलरीतून वर घेतला. खाली अख्खी आळी सूचना द्यायला हजर.

फ्लॅटवाल्यांनो, तुम्हीही लिफ्ट मोजा. साडेसहा फुटी स्प्रिंगची गादी वाकत नाही. फोमची गुंडाळून येते, तिला अडचण नाही. बेड नट-बोल्टचा, सुटा होणारा असेल तर निम्मी काळजी मिटते.

धागाकर्ती, पाथर्डी फाटा
सगळ्यांना धन्यवाद, नवरा वाचतोय आणि गप्प आहे. हायड्रॉलिकचं कुणी सांगेल का? पांघरुणं ठेवायला दुसरी जागा नाही. आणि सासूबाईंचा पलंग सहा बाय साडेपाचचा निघाला, त्याला गादी कुठून आणायची?

गंगापूर रोड
हायड्रॉलिक आहे आमच्याकडे. गादीसकट फळी वर उचलली जाते, त्यामुळे बाजूला खणांसारखी जागा लागत नाही. अडचणीच्या खोलीत हा मोठा फायदा. मात्र हलकी गादी आणि जड गादी यांना वेगवेगळ्या ताकदीचे पंप लागतात. बेड घेताना गादीचं वजन सांगा. नाहीतर फळी उघडी राहत नाही, किंवा बंद करायला वर बसावं लागतं. रोजच्या वस्तू तिथे ठेवू नका. सतरंज्या, रजया, लग्नात आलेली भांडी, एवढंच.

पलंगाला कापसाची गादी भरून घ्या. पिंजारी सांगाल त्या मापाची करून देतो, 66 इंच म्हणालात तर 66 च. तयार गादी कापून घेण्यापेक्षा ते सरळ. दरवर्षी उन्हं दाखवायची, चार-पाच वर्षांनी पिंजून घ्यायची.

गोदाकाठ
आमच्याकडे बेडचं माप पाहुण्यांनी ठरवलं. 2015 च्या सिंहस्थात घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आता 2027 च्या पर्वण्यांची विचारणा आतापासून सुरू आहे. मोठे दीर म्हणाले, किंग घ्या, तिघं आडवे झोपतील. मी म्हटलं, बारा वर्षांतून एकदा येणाऱ्यांसाठी रोज कपाटाला कोपर का मारायचा? क्वीन घेतला आणि उरलेल्या पैशांत चार गाद्या आणि सतरंज्या. पाहुण्यांना हॉलमध्ये ओळीने झोपायलाच आवडतं, रात्री दोनपर्यंत गप्पा होतात.

इंदिरानगरकर
चादरींचं राहिलं. बाजारात डबलची चादर बहुतेक 90 बाय 100 इंच असते. किंगची गादी 72 रुंद, दहा इंच जाड असेल तर दोन्ही कडा झाकायलाच 92 इंच हवेत, खोचायचं तर सोडाच. 108 बाय 108 घ्यावी लागते. म्हणजे घरातल्या जुन्या चादरी गेल्या.

फरशी मोजणारी, म्हसरूळ
टेप नसेल तरी अंदाज लागतो. नव्या फ्लॅटमध्ये फरशी बहुतेक दोन बाय दोनची असते (नीट मोजलं तर चोवीस इंचांना जरा कमी). किंग म्हणजे तीन फरश्यांहून जरा जास्त रुंद आणि हेडबोर्डसकट साडेतीन लांब. मी खडूने फरशीवर बेड आखला, कपाटाच्या जागी पुठ्ठ्याची खोकी ठेवली आणि घरच्या सगळ्यांना दारातून खिडकीपर्यंत चालायला लावलं. रेषेवर पाय पडला की बाद. सासऱ्यांनी दोनदा रेष ओलांडली आणि "पाच फुटी घ्या" म्हणाले. उत्तरेला डोकं नको म्हणून एक भिंत आधीच कटाप होती, दुसरीत खिडकी, तिसरीत बाथरूमचं दार. राहिली ती एकच भिंत, साडेनऊ फुटांची. धागाकर्ती, तुमच्याकडे डोकं कुठल्या भिंतीला येणार ते आधी सांगा. आणि एसीचा पॉइंट बिल्डरने कुठे दिलाय?