‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नक्की किती?

कुणीतरी लिहिलंय की वेधशाळा ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणते ती हात झटकायला. तसं नाहीये हो. हवामान खात्याच्या भाषेत त्या शब्दांना आकडे ठरलेले आहेत. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक ठिकाणी, ५० पर्यंत काही ठिकाणी, ७५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी, त्यावर बहुतांश ठिकाणी. म्हणजे ‘तुरळक’ असताना आपलं अंगण कोरडं राहिलं तर अंदाज चुकला असं नाही, उलट तेच जास्त संभवतं. फक्त हे आकडे बातमीत कुणी सांगत नाही, ‘तुरळक’ तेवढं उरतं.

मान्सूनचंही तेच. एप्रिल २०२३ मध्ये दिलेला त्या वर्षीच्या देशभरातल्या मान्सूनचा अंदाज होता सरासरीच्या ९६ टक्के, पाच टक्के इकडेतिकडे. पडला ९४. आकडा बसला की! पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशात ३६ टक्के तूट होती, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. पेरणी करून आभाळाकडे बघत बसलेल्याला त्या ९४ चं काय कौतुक? माझी तक्रार असलीच तर ती इथे आहे.