फक्त ५० मेल पाठवणारा व्हायरस एवढा पसरतो कसा?

धंतोली_४०पीसी: ऑफिसात ४० पीसी, सगळ्यांवर आउटलुक. १९९९ चा मेलिसा व्हायरस आउटलुकच्या ॲड्रेस बुकातल्या पहिल्या ५० पत्त्यांनाच मेल करायचा. मग एवढा काऊन पसरला जी? अन् आमच्याकडे असं सुटलं तर आधी काय बंद करायचं?

लॉगफाइल: भाऊ, ५० पैकी किती जण अटॅचमेंट उघडतात ते बघा. दहातला एक धरला तर ५ नवे पीसी. मग २५, १२५, ६२५, ३,१२५. सहाव्या फेरीला १५,६२५. फेरीला अर्धा तास धरा, सकाळी १० चं दुपारी १ ला तिथं पोचतं. उघडणारे २ टक्क्यांवर आले की गुणक (एका पीसीमागे किती नवे बिघडतात तो आकडा) १, त्याखाली साखळी आपोआप मरते. मेलिसाच्या विषयात 'इम्पॉर्टंट मेसेज फ्रॉम' अन् पुढे ओळखीचंच नाव, म्हणून लोक उघडायचे. नागपूरच्या कळमना बाजारात पेटीतलं सडकं संत्रं शेजारच्यालाच बिघडवतं; मेलला शेजार लागत नाही.

रांगेतला_मेल: गुणक ५ कायम राहत नाही. एका ऑफिसात सगळ्यांच्या याद्या सारख्या, तेच लोक पुन्हा पुन्हा. ४० पीसीत तिसऱ्या फेरीलाच नवे पीसी संपतात. मेल मात्र ४० × ५० = २,०००, अन् त्या ५० पत्त्यांत एखादा ग्रुप असला तर एक पत्ता म्हणजे अख्खा विभाग. सर्व्हर बसतो तो यानं. २००० च्या 'आय लव्ह यू' व्हायरसला तर ५० ची मर्यादाही नव्हती. फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' (व्हीबीएस म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम), विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाचा शेवटचा तुकडा, लपवायचं, म्हणून साधी टेक्स्ट फाइल वाटायची.

लॉगफाइल: बरोबर, बाहेर मात्र याद्या वेगळ्या असतात, तिथं गुणक जास्त वेळ टिकतो. म्हणून पहिलं काम: सर्व्हरवर बाहेर जाणाऱ्या मेलची रांग थांबवा. पीसी शोधत बसू नका, तोवर पुढची फेरी निघते. मग बाधित पीसीची लॅन केबल काढा, वायफाय बंद. केबल परत लावायच्या आधी आउटबॉक्स रिकामा करा, नाहीतर अडकलेले मेल जोडताक्षणी सुटतात. हे हमखास विसरतात.

रांगेतला_मेल: अन् आजच करायचं ते: व्हीबीएस, जेएस, एससीआर, ईएक्सई अशा उघडताच चालणाऱ्या अटॅचमेंट गेटवेवरच (मेल ऑफिसात शिरतो त्या दारावरच) अडवा, बाहेरून आलेल्या वर्ड-एक्सेल फाइलींचे मॅक्रो (फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम) बंद, एक्स्टेन्शन दिसू द्या. 'सर्व कर्मचारी' ग्रुपवर मेल टाकायची परवानगी दोघा-तिघांनाच. एका मेलबॉक्समधून तासाला ३० पत्त्यांची मर्यादा लावली तर ५० ची फेरी अर्धवटच निघते. पगाराच्या स्लिपा पाठवणाऱ्या मेलबॉक्सला तेवढी सूट द्या, नाहीतर १ तारखेला तुमच्याच नावानं बोंब.

धंतोली_४०पीसी: ग्रुप सगळ्यांनाच खुला आहे. तिथूनच सुरू करतो.