घटस्फोटात कबूल केलेल्या हक्कसोडपत्रावर सही होत नाही, कोर्ट सही करून देतं का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या ताईचा आहे. ती सध्या लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही, म्हणून मी लिहितोय.

ताईचा परस्पर संमतीने घटस्फोट २०२३ मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात झाला. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज फिटलेलं. ताईने पोटगी सोडायची आणि दाजींनी तीन महिन्यांत आपला अर्धा हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने तिला द्यायचा, असं हुकूमनाम्यात (कोर्टाच्या निकालाच्या अधिकृत आदेशात) स्वच्छ लिहिलंय. ताईने पोटगी सोडली. दाजींची सही आजतागायत झालेली नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात दोनदा वेळ घेतली. दुसऱ्या खेपेला मीही होतो. मुद्रांक शुल्क भरलेलं, दोन साक्षीदार रजा टाकून आलेले. अडीच वाजेपर्यंत थांबलो. संध्याकाळी मेसेज आला, "आता भाव वाढलाय. पाच लाख दे, मग सही." ताई काहीच बोलली नाही. दस्ताच्या शेवटच्या पानावर त्यांच्या फोटोची रिकामी चौकट होती, तिच्याकडे बघत राहिली. ज्या माणसाला मी अकरा वर्षं दाजी म्हटलं, त्याने हे करावं याचा मलाही फार त्रास होतोय.

सोसायटी नोंदणीकृत दस्ताशिवाय शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलत नाही. भाचीच्या शिक्षणासाठी फ्लॅट तारण ठेवायचा, तर बँकेला दोघांच्या सह्या हव्यात. एक वकील म्हणतात दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) टाका, दुसरे म्हणतात कोर्टाच्या बेअदबीचा अर्ज करा. नेमकं काय करावं?

प्रतिसाद

दादा, पाच लाख अजिबात देऊ नका. बेअदबीने फार तर त्यांना शिक्षा होईल, तुम्हाला हवाय तो दस्त. त्यासाठी दरखास्तच. कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४ च्या कलम १८ प्रमाणे तिथल्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार होते, आणि संहितेचा आदेश २१ नियम ३४ अगदी याच अडचणीसाठी आहे. हक्कसोडपत्राचा मसुदा ताईंनी तयार करून कोर्टात द्यायचा. कोर्ट तो दाजींना नोटिशीसह पाठवतं. हरकत असेल तर त्यांनी मुदतीत लेखी द्यायची. मग कोर्ट मसुदा मंजूर करतं किंवा त्यात दुरुस्ती करतं. तो योग्य मुद्रांकावर उतरवून दिला की न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी दाजींच्या वतीने सही करतो. ती सही त्यांनी स्वतः केल्यासारखीच धरली जाते. नोंदणीही कोर्टामार्फत होते. दरखास्तीला मुदत १२ वर्षं आहे, तेव्हा उशीर झाला म्हणून घाबरू नका. पण हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाताशी ठेवा आणि मसुदा त्यातल्या अटींशी तंतोतंत जुळता ठेवा. हरकती तिथेच येतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. ताईला आत्ताच वाचून दाखवलं, खूप दिवसांनी तिने स्वतःहून फाइल उघडली. प्रमाणित प्रत आहे. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून एक काळजी लागली. हुकूमनाम्यात फक्त "उभयतांचा राहता फ्लॅट" एवढंच आहे, फ्लॅट क्रमांक नाही, क्षेत्रफळ नाही. घटस्फोटाच्या मूळ अर्जात मात्र पूर्ण पत्ता आहे. मसुद्यात इंडेक्स दोनवरून (फ्लॅटच्या दस्तनोंदणीच्या उताऱ्यावरून) वर्णन भरलं तर चालेल, की आधी हुकूमनामाच दुरुस्त करून घ्यावा लागेल? असं कुणी केलं असेल तर कृपया सांगा, सोमवारी वकिलांना भेटायचंय.