शब्दचर्चा : ‘उत्परिवर्तन’, ‘अभिव्यक्ती’ आणि आतड्यातला ‘कोंब’

विचारणा :
मोठ्या आतड्यातल्या पॉलिपबद्दल (आतल्या अस्तरावर उगवणारी मांसल वाढ; मी ‘कोंब’ म्हटलं आहे) रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. एका वाक्यापाशी अडले : ‘कर्करोगपूर्व कोंबांमध्ये एपीसी जनुकाचे उत्परिवर्तन व कॉक्स-२ विकराची वाढलेली अभिव्यक्ती आढळते.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अभिव्यक्ती म्हणजे मत मांडणं ना? आणि कोंब तर मूळव्याधीचे.” दोन्ही ठिकाणी सरळ ‘बदल’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर :
ताई, ‘बदल’ कृपा करून नको. सगळा अर्थ या दोन शब्दांतल्या फरकातच आहे.

जनुक म्हणजे पोथी समजा. पोथी उतरवून घेताना अक्षर गळालं, की त्या प्रतीवरून होणारी प्रत्येक नक्कल चुकते. हे उत्परिवर्तन. पोथी किती वेळा वाचली जाते, ही अभिव्यक्ती. एपीसीची पोथीच बिघडते. पाचव्या गुणसूत्रावरचं हे जनुक १९९१मध्ये ओळखलं गेलं. पेशींच्या वाढीला ते लगाम घालतं. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी झाल्या, की लगाम सुटतो. ज्यांना एक प्रत जन्मतःच सदोष मिळते, त्यांच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो पॉलिप उगवू शकतात.

कॉक्स-२चं तसं नाही. पोथी सहसा शुद्धच असते, पारायणं वाढलेली असतात. निरोगी आतड्याच्या अस्तरात हे विकर जेमतेम असतं. १९९४च्या एका अभ्यासात ते कर्करोगाच्या ८६ टक्के नमुन्यांत वाढलेलं दिसलं, पॉलिपच्या ४३ टक्के नमुन्यांत. त्याच्यामुळे तयार होणारी प्रोस्टाग्लँडिनं ही रसायनं पेशींना तगून राहायला आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. अ‍ॅस्पिरिनसारखं औषध या विकराला अडवू शकतं. बिघडलेलं जनुक त्या गोळीने दुरुस्त होत नाही. ‘बदल’ लिहिलंत तर वाचकाला दोन्हीकडे एकच बिघाड वाटेल. ‘विकराचं प्रमाण वाढलेलं’ लिहा, पत्रकाला तेवढं पुरे. (अ‍ॅस्पिरिनचा उल्लेख करणार असाल तर रक्तस्रावाचा धोकाही त्याच ओळीत यायला हवा.)

आणखी एक उत्तर :
तुमच्या आईंचं बरोबर आहे. आमच्याकडेही ‘कोंब’ आणि ‘मोड’ म्हटलं की मूळव्याध. लोक मलम लावत बसतील. ‘गाठ’ म्हटलं की माणूस हातपाय गाळतो, आणि ‘अर्बुद’ कोशाबाहेर कुणी वापरत नाही. ‘पॉलिप’च ठेवा.

मला जास्त टोचतो तो ‘कर्करोगपूर्व’. माझ्या वडिलांच्या रिपोर्टवर हाच शब्द होता. ‘पूर्व’ म्हणजे पाठोपाठ येणारच, असं समजून ते दोन दिवस धड जेवले नाहीत. पॉलिप दुर्बिणीतून आधीच काढलेला होता, हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. बहुतेक पॉलिप कर्करोगापर्यंत पोचत नाहीत. जे पोचतात त्यांना बहुधा दहाएक वर्षं लागतात. एपीसीनंतर केरास, मग टीपी५३ अशी जनुकं एकामागून एक बिघडावी लागतात.

विचारणा करणारी :
दोघांचे मनापासून आभार. आता असं लिहिलं आहे :

‘पॉलिप म्हणजे कर्करोग नव्हे, पण तसाच राहू दिला तर काहींचा पुढे होऊ शकतो. त्यातल्या पेशींमध्ये वाढीला आवर घालणारं एपीसी जनुक बरेचदा बिघडलेलं असतं. कॉक्स-२ नावाचं विकर काही पॉलिपमध्ये नेहमीपेक्षा जास्त तयार होतं.’

आईने या वेळी मध्ये थांबवलं नाही. फक्त ‘विकर’ म्हणजे काय, ते विचारलं. तिथे ‘एन्झाइम’ करू का?