दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा देऊ का?

दमलेली_टेस्टर:
सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये ११ वर्षं झाली, त्यातली शेवटची ४ टीम लीड म्हणून. रविवारी दुपार कलली की पोटात गोळा येतो. एकच ईमेल चार-चारदा वाचते आणि तरी काय करायचं ते कळत नाही. पण खरी भीती वाटली ती गेल्या महिन्यात. टीममधली नवी मुलगी लॅपटॉप घेऊन शंका विचारायला आली आणि मी तिच्यावर खेकसले. पूर्वी मी अशा मुलांना शेजारी बसवून तासभर समजावून सांगायचे. ती काही न बोलता परत गेली. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ सगळं तपासून झालं, रिपोर्ट नॉर्मल आहेत. ८ दिवस रजा घेतली. पहिले ३ दिवस नुसती झोपले. सातव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा छातीत धडधड.

साठवलेल्या पैशांत घर ७ महिने चालेल. नवरा म्हणतो, सोडून दे. बाबा म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. दोघांचंही पटतं, म्हणूनच निर्णय होत नाही. तुम्ही कसं ठरवलंत?

अनुभवी_दादा:
मी राजीनामा लिहून ठेवला होता, पण दिला नाही. बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्यावर, संशोधन करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या सहा बाजू सांगितल्या आहेत: कामाचा बोजा, कामावरचा आपला ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. तोवर मी बोजालाच दोष देत होतो. कागदावर मांडल्यावर दिसलं की काम झेपत होतं, पण कुठलाच निर्णय माझ्या हातात नव्हता. वरिष्ठांशी बोलून प्रोजेक्ट बदलून घेतला आणि ४ महिन्यांत माणसात आलो. ताई, तुमचं नेमकं कुठे दुखतंय ते आधी शोधा. जागा बदलून सुटण्यासारखं असेल तर नोकरी सोडायची गरज नाही.

परत_उभी:
मी सोडली होती, हातात काही नसताना. ३ वर्षं झाली. पश्चात्ताप नाही, पण दोन गोष्टी मला कोणी आधी सांगायला हव्या होत्या.

पहिली पैशांची. मी घरखर्च मोजला आणि कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशीच संपतो हे विसरले. स्वतःचा विमा आधी काढा. वर्षातून एकदाच येणारे खर्चही धरा. माझे ६ महिने प्रत्यक्षात साडेचारच निघाले.

दुसरी गोष्ट याहून अवघड. नोटीस पिरियडचे ६० दिवस संपले की मोकळा श्वास घेईन असं वाटलं होतं. पहिला महिना झोपेत गेला. दुसऱ्या महिन्यात घरातले कामाला गेले की रिकाम्या खोलीत अपराधी वाटायचं. म्हणून घाईघाईने अर्ज पाठवायला लागले आणि दोन मुलाखतींमध्ये साध्या प्रश्नांवर अडखळले. मेंदू अजून थकलेलाच होता. मग ठरवलं, अमुक तारखेपर्यंत एकही अर्ज करायचा नाही, आणि ती तारीख घरात सगळ्यांना सांगून टाकली. त्यानंतर खरी विश्रांती सुरू झाली.

नोकरी लागायला ५ महिने लागले. मुलाखतीत मधल्या काळाबद्दल विचारायचे तेव्हा सरळ सांगायचे, "खूप थकले होते, ठरवून थांबले, आता कामाला तयार आहे." पाल्हाळ लावलं नाही. ज्यांना ते खटकलं, तिथे मला जायचंच नव्हतं.

आणि त्या मुलीबद्दल. तिला एकदा भेटून माफी मागा. माझ्या टीममधल्या एकाची माफी मागायची राहून गेली, ते अजून सलतं.

समुपदेशक_मैत्रीण:
ताई, एक प्रश्न आहे. रजेच्या त्या मधल्या दिवसांत मन कशात रमलं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आजार म्हणून धरलेला नाही. दीर्घकाळ न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी ती अवस्था आहे: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. कामापासून दूर गेल्यावरही कशातच गोडी वाटत नसेल, तर नैराश्य आहे का ते मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. नैराश्य राजीनाम्याने जात नाही, त्याला उपचार लागतात. जगणंच नकोसं वाटत असेल तर आजच घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

दमलेली_टेस्टर:
तुमचा प्रश्न वाचून थांबले. हो, रमलं होतं. चौथ्या दिवशी जुनी चित्रांची वही काढली आणि रंगवत बसले, जेवायचं भानही राहिलं नाही. म्हणजे मी पूर्ण विझलेले नाही. हे लिहिताना रडू येतंय, पण बरं वाटतंय. तरी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

दादांनी सांगितलेल्या सहा बाजू काल रात्री लिहून काढल्या. त्यातल्या चार बिघडलेल्या दिसल्या. प्रोजेक्ट बदलून यातलं एकच सुटेल. परत_उभी, विम्याचं मी खरंच मोजलं नव्हतं. ७ महिन्यांचे ६ होतायत. नवऱ्याबरोबर बसून पुन्हा आकडे मांडले आणि दोघांनी ठरवलं: विमा हातात आला की राजीनामा. बाबांना रविवारी भेटून सांगणार आहे, आकड्यांची वही सोबत नेईन.

आज दुपारी त्या मुलीला भेटले. माफी मागितली. तिची शंका अजून तशीच होती, तिने दुसऱ्या कुणाला विचारलीच नव्हती. शेजारी बसवून समजावली.