पत्रिकेत घालायचा नकाशा स्वतः बनवलात का? अनुभव सांगा

बहिणीचं लग्न आहे आणि पत्रिकेसोबत घालायचा छोटा नकाशा घरीच बनवायचं ठरवलंय. लोकेशन सगळ्यांना मोबाईलवर जाणारच आहे पण वयस्कर मंडळी बरीच आहेत आणि हॉल पार आतल्या गल्लीत. कोणी केलं असेल तर काय जमलं काय फसलं ते सविस्तर लिहा प्लीज, फसलेलं तर नक्की लिहा.

---

फसलेलंच सांगते. मी मोबाईलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट सरळ छापायला दिला. स्क्रीनवर छान दिसत होता, कागदावर रस्त्यांची नावं वाचताच येईनात. छपाईला साधारण ३०० डीपीआय (दर इंचात ३०० ठिपके) लागतात, म्हणजे ए-६ कागदाला (१०५ × १४८ मिमी) जवळपास १२४० × १७४८ पिक्सेल, आणि स्क्रीनशॉटच्या कडा कापल्यावर तेवढे उरतच नाहीत. शिवाय आपल्याला नको असलेली सगळी दुकानं, एटीएम त्यात येतात ते वेगळंच. दुसऱ्या खेपेला ओपनस्ट्रीटमॅप घेतला, लोकांनी मिळून २००४ पासून बनवलेला आहे, वापरायला फुकट, फक्त कोपऱ्यात त्यांचं श्रेय छापायचं. त्यातून एसव्हीजी फाईल (रेघा वेगवेगळ्या बदलता येतात अशी) काढली आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नको ते रस्ते एकेक करून पुसले. दोन संध्याकाळी गेल्या पण माझ्या मते हे पुसण्याचं कामच सगळ्यात महत्त्वाचं.

---

माझं उलट झालं, मी हाताने काढला आणि हट्टाने अगदी प्रमाणात काढायला गेलो. स्टेशनपासून हॉल ९ किमी, त्यातले ८ किमी नुसता सरळ रस्ता आणि पाचही वळणं शेवटच्या एका किलोमीटरमध्ये. प्रमाणात काढल्यावर सरळ रस्त्यानेच कागद भरला, वळणं मुंगीएवढी. मग आठवलं की लंडनच्या भुयारी रेल्वेचा तो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेकने केला तेव्हा त्याने खरी अंतरं सोडूनच दिली होती, रेघा सरळ नाहीतर ४५ अंशात, आणि गर्दीचा मधला भाग मोठा करून दाखवलेला. १९३३ साली लोकांच्या हातात आला आणि आजचा नकाशासुद्धा त्याच पद्धतीचा आहे. तसंच केलं, सरळ रस्ता मध्ये तोडून तिथे '८ किमी सरळ' लिहिलं आणि शेवटचा किलोमीटर अर्ध्या कागदावर मोठा काढला. खाली 'नकाशा प्रमाणात नाही' एवढं मात्र लिहा, नाहीतर लोक बोटाने अंतर मोजतात.

---

खुणा देताना दुकानांची नावं टाळा. आमच्या पत्रिका वाटून होईपर्यंत कोपऱ्यावरचं दुकान बंद होऊन पाटी उतरली होती. पूल, पाण्याची टाकी, शाळा, रेल्वे फाटक असलं हलणार नाही ते घ्या. आणि वळणाच्या पुढची एक खूण पण द्या, 'शाळा दिसली तर वळण मागे राहिलं' अशी. आमच्याकडे याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

---

देवनागरीत छापणार असाल तर हे वाचाच. माझी फाईल प्रेसच्या कॉम्प्युटरवर उघडली तेव्हा तिथे तो फॉन्टच नव्हता, जोडाक्षरं फुटली, पहिल्या वेलांट्या अक्षराच्या पलीकडे जाऊन बसल्या, आणि मी प्रूफ न बघताच होकार दिलेला. सगळे नकाशे परत छापावे लागले, त्या आठवड्यात घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. फाईल देण्याआधी सगळी अक्षरं पाथमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकृत्यांमध्ये) बदला आणि मगच पीडीएफ करा. बदलल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवा. अक्षर ८ पॉईंटच्या खाली नको, आजोबांसाठी तर १० हवं.

---

क्यूआर कोड टाकणार का? आम्ही मरून कागदावर सोनेरी छापला, दिसायला देखणा, पण बऱ्याच फोनना वाचता येईना. फिक्या कागदावर गडद रंगच हवा, निदान २ सेंटीमीटर, आणि चारही बाजूंनी कोडमधल्या ४ बारीक चौकोनांएवढी कोरी जागा. लिंक लांबलचक असली की चौकोन बारीक होत जातात म्हणून छोटी लिंक घ्या. आणि स्टॅटिक कोडच बनवा, म्हणजे ज्यात तुमची लिंक थेट असते तो, डायनॅमिकवाला कोड बनवून देणाऱ्या साइटच्या भरवशावर चालतो, मुदत संपली की कोड छापलेला राहतो पण उघडत काहीच नाही.

---

सगळ्यांचे खूप आभार, क्यूआरचा रंग आजच बदलते. एक विचारायचं राहिलं, उत्तर दिशा वरच ठेवायची का?

---

मी नाही ठेवली. पाहुणे जिकडून येणार ती बाजू खाली ठेवली म्हणजे कागदावरचं उजवं वळण गाडीतही उजवंच येतं. दोन बाजूंनी येणारे असतील तर मात्र उत्तर वर ठेवा आणि बाण काढा.

आणि छापण्याआधी जो तिथे कधीच गेला नाही अशा एकाला फोन न देता फक्त कागद देऊन पाठवा. मी आतेभावाला पाठवलं. तो पोचला, पण शेवटच्या वळणापाशी दहा मिनिटं फिरत होता. कागद बघितला तर घडी बरोबर त्या वळणावरून गेलेली आणि शाई उडालेली. वळण बोटभर खाली सरकवलं आणि घडीची जागा कोरी सोडली.